सूर्यफुलाचें बियाणें आणि जमिनींतील कीड

शेतकऱ्याचें जें नुकसान डोळ्यांपुढें होतें त्याची ओरड होते. जें मातीखालीं होतें त्याची दाद कोणी घेत नाहीं. गारा पडल्या, टोळ आले, अगर उभ्या पिकांत गुरें शिरलीं, तर चार माणसें बांधावर जमतात व पंचनामा होतो. परंतु पेरलेला दाणा मातींत असतांनाच किडीनें पोखरला, किंवा कोंब वर येतांच एका रात्रींत कुरतडला गेला, तर शेतकरी कपाळाला हात लावतो व म्हणतो, "बियाणें खोटें निघालें." आमची सारी उमर महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. गांव नमुना बारामध्यें पिकाखालील क्षेत्र लिहिण्याची जागा आहे. त्या क्षेत्रांत किती दाणे उगवले व किती मातींतच मेले हें लिहिण्याची जागा त्यांत नाहीं. २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाईलवरून ई-पीक पाहणी नोंदवूं लागला, तरी हा हिशेब ज्याचा त्यानेंच ठेवावयाचा राहिला आहे. तो कसा ठेवावा, आणि सूर्यफुलाच्या बियाण्यास औषध लावून हें नुकसान कितपत टाळतां येतें, याविषयीं आम्हीं पाहिलेलें व भोगलेलें येथें सांगण्याचा विचार आहे.

आम्ही सांप्रत मुंबईस शीव येथें मुलाकडे राहतों. शीव या शब्दाचा अर्थ शेतकरी वाचकांस सांगावयास नको. एके काळीं मुंबई बेट येथें संपे व पलीकडे साष्टी लागे. इंग्रज व पोर्तुगीज यांच्या मुलखांची हद्द ती हीच, आणि तिच्या राखणीकरितां सतराव्या शतकांत बांधलेला किल्ला टेकडीवर अद्याप उभा आहे. आतां या शिवेच्या दोन्ही अंगांस घरांवांचून कांहीं दिसत नाहीं. तथापि येथून फार दूर नसलेल्या ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत सूर्यफुलाचा 'टी.ए.एस. ८२' हा काळ्या दाण्याचा वाण तयार झाला व २००७ सालीं तो महाराष्ट्रासाठीं प्रसारित झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. आमची वडिलार्जित जमीन मात्र बार्शी तालुक्यांत असून धाकटे बंधु ती पाहतात. पेरणीच्या व काढणीच्या दिवसांत आमचें तिकडे जाणें होतें.

पिकाची थोडी हकीकत

सूर्यफूल हें आपल्याकडे जुनें पीक नव्हे. बागेंतील शोभेचें फूल म्हणून तें पुष्कळ दिवस ठाऊक होतें. परंतु तेलाचें पीक म्हणून १९६९ सालीं रशियांतून वाण आणल्यावर त्याच्या लागवडीस खरा आरंभ झाला. १९८० सालीं बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें 'बी.एस.एच. १' हा देशांतील पहिला संकरित वाण दिला. आपल्याकडे सोलापूर व लातूर येथील संशोधन केंद्रांनीं कोरडवाहू मुलखास मानवतील असे वाण काढले, आणि सोलापूर, लातूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांत पिवळीं शेतें दिसूं लागलीं. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत देशांत वीस लाख हेक्टरांहून अधिक जमीन या पिकाखालीं होती. पुढें तें क्षेत्र घसरत गेलें व आज त्याचा लहानसा अंश उरला आहे. बाजारभाव, सोयाबीनची ओढ, पांखरांचा त्रास, १९९७ सालीं कर्नाटकांत प्रथम दिसलेला नेक्रोसिस रोग आणि पोचट राहणारे दाणे, अशीं त्याचीं अनेक कारणें आहेत. परिणाम असा झाला कीं, सूर्यफुलाचें तेल आपण रशिया, युक्रेन वगैरे देशांतून आणतों, व २०२२ सालीं त्या दोन देशांत युद्ध पेटतांच येथील वाण्याच्या दुकानांत तेलाच्या पिशवीचा भाव चढला. ज्या तेलाची घरोघर गरज आहे त्याचें पीक शेतकऱ्यानें सोडावें ही खेदाची गोष्ट खरी. परंतु शेतांत रोपेंच पुरतीं उभीं राहिलीं नाहींत, तर तें त्यास परवडावें कसें?

एका रोपाची किंमत

ज्वारी अगर गहूं विरळ उगवला तर उरलेलीं ताटें फुटवे काढून कांहीं भर घालतात. सूर्यफुलास तो गुण नाहीं. एक दाणा, एक खोड, एक फूल, असा त्याचा सरळ हिशेब आहे. शेजारचें रोप मेलें तर उरलेल्याचें फूल मोठें होतें, पण फार मोठ्या फुलाच्या मध्यभागीं दाणे पुष्कळदां पोचट राहतात. दोन ओळींत ६० व दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर धरलें, तर एकरीं सुमारें २२,५०० रोपें बसतात; ४५ व ३० धरल्यास सुमारें ३०,०००. संकरित बियाणें एकरीं दोन ते अडीच किलो लागतें. शंभर दाण्यांचें वजन ५ ग्रॅम धरलें, तर अडीच किलोंत ५०,००० दाणे होतात. म्हणजे ६० व ३० च्या अंतरानें एकेका जागीं दोन दाणे टाकून मागाहून विरळणी करण्यास वाव राहतो. हा दुसरा दाणा ही शेतकऱ्याची शिल्लक. कीड ही शिल्लक खाऊन मुद्दलास हात घालते तेव्हां शेतांत नांग्या पडतात.

आमचा लिहिलेला व फाडलेला अर्ज

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच शेतांत हा प्रकार घडला. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यांत वाफसा पाहून पेरणी केली. बियाणें सुधारित वाणाचें होतें व त्यास बुरशीनाशक तेवढें लावलें होतें. दहाव्या दिवशीं पाहतों तों अर्धें शेत चांगलें उगवलेलें व उरलेल्या अर्ध्यांत चार-चार हातांवर एकेक रोप. बंधूंनीं ताबडतोब दुकानदारास बोल लावला. आम्हीं कारकुनी वळणानें तालुक्याच्या बियाणें तक्रार निवारण समितीकडे देण्यासाठीं अर्जहि लिहून काढला. त्यावर सही होणार इतक्यांत आमचे जुने वाटेकरी बांधावर आले. वयानें आमच्याहून वडील, बोलणें थोडें. त्यांनीं इतकेंच विचारलें, "अण्णा, अर्ज लिहिला, पण माती उकरून बघितली का?"

आम्हीं ती बघितली नव्हती. खुरपें घेऊन एका नांगीपाशीं माती उकरली, तों दाण्याचें टरफल निघालें; आंत गर नव्हता. दुसऱ्या जागीं कोंब फुटलेला, पण बुडाशीं खाल्लेला. तिसऱ्या जागीं मातीबरोबर वांकडी, पांढुरकी, तांबूस डोक्याची अळी वर आली. ती हुमणी होती. पुढें दोन ठिकाणीं वाळवी निघाली. मग ध्यानांत आलें कीं, जो भाग उगवला नाहीं तेथेंच उन्हाळ्यांत आम्हीं उकिरड्यावरचें अर्धवट कुजलेलें शेणखत पसरलें होतें. पिशवींत उरलेल्या दाण्यांपैकीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवले, ते उत्तम उगवले. बियाणें खोटें नव्हतें. खोटा होता तो आमचा तर्क. अर्ज फाडून टाकला, दुकानदाराकडे जाऊन बंधूंनीं आपले शब्द परत घेतले, आणि दुबार पेरणी केली. पण मध्यें पंधरवडा गेला होता व नंतर पावसानें ओढ दिली. त्या अर्ध्या शेताचें त्या वर्षीं कांहीं हातीं लागलें नाहीं. एक खुरपें पेरणीपूर्वीं चालविलें असतें तर हें टळलें असतें, ही रुखरुख आम्हांस अद्याप आहे.

पंचनामा कसा करावा

तेव्हांपासून आम्ही पेरणीआधीं एक व उगवणीनंतर एक असे दोन पंचनामे करतों. दोहोंस खुरपें व अर्धा दिवस यांपलीकडे खर्च नाहीं.

पेरणीपूर्वीं, जमीन ओलसर असतां, शेतांत विखरून दहा जागा निवडाव्यात. प्रत्येक जागीं फूटभर लांब-रुंद व वीतभर खोल खड्डा घेऊन माती गोणपाटावर पसरावी व हातांनीं चिवडून अळ्या मोजाव्यात. खताच्या ढिगाची जागा, झाडांखालचा भाग व बांधाचा कांठ वगळूं नये. कीड बहुधा तेथूनच पसरते. कांहीं किडी खड्ड्यांत सांपडत नाहींत, त्यांना आमिष दाखवावें. भिजवलेल्या गव्हाची व मक्याची मूठ चार बोटें खोल पुरून खूण करून ठेवावी व आठ-दहा दिवसांनीं उकरावी. कुरतडणाऱ्या अळीसाठीं सायंकाळीं ओल्या गवताचे लहान ढीग ठेवावे. दिवस उजाडतां अळ्या त्याखालीं दडलेल्या दिसतात.

बियाण्याची परीक्षा वेगळी करावी. शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून आठवड्यानें मोजावे. प्रमाणित सूर्यफूल बियाण्याची उगवण शेंकडा ७० पेक्षां कमी असूं नये असा दंडक आहे. आम्ही हें काम शीव येथें खिडकींत बसून करतों व निकाल बंधूंस फोननें कळवतों. गोणपाटांत चांगलें उगवलेलें बियाणें शेतांत उगवलें नाहीं, म्हणजे दोष मातींत, पेरणींत किंवा हवामानांत शोधावयाचा, हें ठरलें.

उगवणीनंतर नांगी दिसतांच ती जागा उकरावी. टरफल रिकामें असेल तर मुंग्या अगर दाणा पोखरणारी अळी. कोंब जमिनीलगत कापून आडवा पडला असेल तर कुरतडणारी अळी. रोप सुकलें व ओढतांच मुळ्यांशिवाय हातांत आलें तर हुमणी. मुळावर मातीचें लिंपण असेल तर वाळवी. रोप उपटून टरफल शेजारीं टाकलें असेल तर पांखरें. दाणा सबंध पण कुजलेला असेल तर बुरशी अथवा पाण्याचा निचरा नसणें. दाणा सबंध व कोरडा असेल तर ओल पोंचली नाहीं. कोंब मातीखालीं वेडावांकडा झाला असेल तर पावसानें जमिनीवर खपली धरली आहे. आणि एकच ओळ लांबवर मोकळी असेल तर तिफणीची नळी तुंबली होती, किडीस दोष देऊं नये. यांपैकीं पहिल्या चार प्रकारांसच किडीचें औषध लागू पडूं शकतें. बाकीच्यांत तें फुकट जातें.

शत्रूंची ओळख

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. वळवाचे किंवा मृगाचे पाऊस पडतांच भुंगेरे सायंकाळीं जमिनींतून निघतात, कडुलिंब, बाभूळ, बोर यांवर बसून पाला खातात व परत मातींत शिरून अंडीं घालतात. वर्षाला एकच पिढी होते. लहानपणीं अळी कुजका पाला व कच्चें खत खाते, मोठी झाली कीं मुळ्या. म्हणून कच्चें शेणखत शेतांत नेणें म्हणजे तिला पाहुणचार करणें होय. वाळवी हलक्या, कोरड्या जमिनींत व न कुजलेल्या धसकटांत वाढते. कुरतडणारी अळी मातकट रंगाची असून दिवसा ढेकळांखालीं दडते, रात्रीं रोप कापते. रब्बींत तिचा त्रास अधिक. चौथी ती तारेसारखी लांब, पिवळसर, कठीण अंगाची अळी. ती फुगलेल्या दाण्यांत व कोवळ्या कोंबांत तोंड घालते. युरोप-अमेरिकेंत सूर्यफुलाचा हा मोठा वैरी गणला जातो.

या सर्वांवर पहिला उपाय मशागतीचा. उन्हाळ्यांत खोल नांगरट करून माती तापूं द्यावी. बगळे-मैना नांगरामागें फिरून फुकट काम करतात. खत पुरतें कुजवावें, धसकटें वेंचावीं, पिकाची फेरपालट करावी. दाणा ५ सेंटिमीटरहून खोल टाकूं नये व पुरेशी ओल असल्याशिवाय पेरूं नये. जो दाणा लवकर वर येतो तो किडीच्या तोंडीं कमी लागतो.

बियाण्यास औषध

बियाण्यास औषध चोळून पेरणें आपणांस नवें नाहीं. ज्वारीच्या काणीवर गंधक व सरकीस शेणकाला हे प्रकार वडीलधाऱ्यांनीं केले आहेत. जमिनींतील किडीसाठीं पूर्वीं बी.एच.सी.ची भुकटी मातींत मिसळीत; ती १९९७ पासून बंद झाली. पुढें ओळींत फोरेटचे दाणे टाकूं लागले. त्यांवरहि ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कोणाच्या कोठींत जुना डबा पडला असेल तर तो वापरूं नये. हीं विषें साऱ्या शेतांत पसरत. बियाण्यास औषध लावण्याचा लाभ हा कीं, एकरभर मातीऐवजीं दाण्यापुरतेंच औषध दाण्याभोंवतीं राहतें.

सूर्यफुलासाठीं आपल्याकडे रूढ असलेलें औषध इमिडाक्लोप्रिड होय. त्याची ७० टक्के भुकटी दर किलो बियाण्यास ५ ग्रॅम लावावी अशी शिफारस आहे. अडीच किलोंस साडेबारा ग्रॅम, म्हणजे जुन्या तोळ्याहून किंचित अधिक. ही शिफारस मुख्यतः फुलकिड्यांसाठीं व त्यांच्यावाटे पसरणाऱ्या नेक्रोसिससाठीं आहे; जमिनींतील किडीपासून मिळणारें रक्षण हा तिचा जोडलाभ समजावा. औषध ओलाव्यांत विरघळून दाण्याभोंवतीं कवच करतें, व मुळ्यांवाटे रोपांत चढतें. हें रक्षण पहिले तीन-चार आठवडे. पुढें तें उतरत जातें. तेव्हां बीजप्रक्रिया ही रोपाच्या बाळपणाची राखण आहे, जन्माची नव्हे. वाढलेली हुमणी तिला भीक घालीत नाहीं, व कुरतडणाऱ्या अळीवर तिचा भरंवसा धरूं नये.

कृति पुढीलप्रमाणें करावी.

१. प्रथम पिशवीवरील मजकूर वाचावा. पुष्कळ संकरित बियाणें कारखान्यांतूनच औषध लावून, रंगवून येतें. त्यास पुन्हां औषध लावूं नये.

२. क्रम न चुकवावा : आधीं बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटीं जिवाणूखत. केवड्यासाठीं मेटॅलॅक्झिल ३५ टक्के हें दर किलोस ६ ग्रॅम, व शेवटीं ॲझोटोबॅक्टर दर किलोस २५ ग्रॅम. इंग्रजी आद्याक्षरांवरून या क्रमास 'एफ.आय.आर.' म्हणतात, पोलिसांचा तो शब्द सर्वांस पाठ असल्यानें हाहि विसरत नाहीं.

३. बियाणें झांकणाच्या डब्यांत किंवा फिरत्या पिपांत घ्यावें. औषध थोड्या पाण्यांत कालवून दाण्यास सारखें बसेल असें हलकेच घोळावें व सावलींत सुकवावें. घरांतील परात, पातेलें यांस हात लावूं नये.

४. हातमोजे व तोंडाला फडकें असावें, आणि काम मोकळ्या हवेंत करावें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, हें कोणींहि विसरूं नये.

५. जिवाणूखत पेरणीच्या थोडें आधीं लावावें व लगेच पेरावें. सांडलेले दाणे मातीखालीं झांकावे. उघडे राहिले तर चिमण्या-तित्तिर खाऊन मरतात. उरलेलें बियाणें गुरांस घालूं नये कीं घाण्यावर नेऊं नये.

आमची चार ओळींची परीक्षा

दुसऱ्या वर्षीं आम्हीं औषध लावून पेरणी केली, पण शेताच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत चार ओळी मुद्दाम साध्या ठेवल्या. जेथें आदल्या वर्षीं कीड होती तेथें त्या चार ओळी बांधावरूनहि ओळखूं येत होत्या, इतक्या विरळ झाल्या. औषधाच्या ओळी भरून उभ्या होत्या. परंतु शेताच्या दुसऱ्या अर्ध्यांत, जेथें खड्ड्यांत कांहीं निघालें नव्हतें, तेथें साध्या व औषधाच्या ओळींत आम्हांस फरक सांगतां येईना. म्हणजे अर्ध्या शेताचें औषध कारणीं लागलें व अर्ध्याचें व्यर्थ गेलें. औषधाची किंमत थोडी, म्हणून हें व्यर्थ जाणें कोणी मनावर घेत नाहीं. पण तें मनावर घेण्यास दुसरें एक कारण आहे, व तें पुढें सांगतों.

मधमाशीचा प्रश्न

ज्यास आपण सूर्यफुलाचें एक फूल म्हणतों तो शेंकडों बारीक फुलांचा मेळा असतो. तीं कडेकडून मध्याकडे आठवडा-दहा दिवस उमलत जातात. प्रत्येक बारीक फुलांत पराग आधीं सुटतो व स्त्रीकेसर मागाहून उघडतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारा कोणी तरी पाहिजे, आणि तें काम सातेरी, फुलोरी, आग्या या माश्या करतात. माशी नाहीं तेथें टरफलें होतात, दाणे होत नाहींत. यास्तव फुलोऱ्यांत हेक्टरीं चार-पांच मधपेट्या ठेवण्याची शिफारस आहे. पेट्या नसतील तर सकाळीं ७ ते ११ च्या दरम्यान हाताला मऊ फडकें गुंडाळून फुलांवरून फिरवावें असें सांगतात. पुण्यास १९६२ पासून मधमाश्यांच्या संशोधनाची व शिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. पेटी पाळण्याची इच्छा असणाऱ्यांनीं तेथें चौकशी करावी.

आतां अडचण अशी. बियाण्यास लावलेलें हेंच इमिडाक्लोप्रिड मुळ्यांवाटे रोपांत चढतें, तें अल्पांशानें फुलापर्यंत पोंचतें. परागांत व मधुरसांत त्याचें प्रमाण शंभर कोटी भागांत दोन-चार भाग इतकें सूक्ष्म आढळलें आहे. फ्रान्स देशांत १९९४ पासून सूर्यफुलाचें बियाणें या औषधांत घोळूं लागले, व लवकरच तेथील मधपाळ तक्रार करूं लागले कीं, माश्या फुलावर जातात त्या परत येत नाहींत. पुष्कळ वाद झाला. अखेर १९९९ सालीं त्या सरकारनें सूर्यफुलाच्या बियाण्यावर हें औषध स्थगित केलें. २०१३ सालीं युरोपीय संघानें या वर्गांतील तीन औषधांवर, माश्या ज्या पिकांवर येतात त्यांपुरतें, नियंत्रण घातलें, व २०१८ सालीं उघड्या शेतांतील त्यांचा वापर सर्वस्वीं बंद केला. कांहीं देश आपत्कालीन परवानग्या देत राहिले. पण बंदी असलेल्या औषधानें घोळलेल्या बियाण्यास अशी परवानगी देतां येत नाहीं, असा निर्णय तेथील न्यायालयानें २०२३ सालीं दिला. जर्मनींत २००८ सालीं याच वर्गांतील दुसरें एक औषध मक्याच्या बियाण्यास नीट न चिकटल्यानें पेरणीयंत्रांतून धूळ होऊन उडालें व हजारों मधपोळीं नष्ट झालीं. औषध दाण्यास घट्ट बसवावें व भुकटी उडूं देऊं नये, असें वर म्हटलें त्याचें कारण हेंच.

आपल्याकडे हें औषध वापरांत आहे व नेक्रोसिसच्या पट्ट्यांत त्याची गरजहि आहे. तें कोणीं वापरूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जें औषध दाणा राखतें तेंच दाणा भरणाऱ्या माशीपर्यंत पोंचूं शकतें, हें ज्यास ठाऊक आहे त्यानें तें सवयीनें लावूं नये. खड्ड्यांत कीड निघाली, किंवा गेल्या वर्षीं आसपास नेक्रोसिस होता, तर लावावें, सांगितलें त्याहून चिमूटभरहि अधिक नको. दोन्ही नसेल तर बुरशीनाशक व जिवाणूखत यांवर पेरणी करावी. आणि शेत फुलोऱ्यांत असतां फवारा शक्यतों मारूंच नये. मारणें भागच पडलें तर माश्या परतल्यावर सायंकाळीं मारावा.

शिवेपलीकडचें काम

एक गोष्ट मात्र कोणाहि एकट्यास साधणारी नाहीं. हुमणीचा भुंगेरा आपल्या बांधावरच्या लिंबावर जेवतो व शेजाऱ्याच्या शेतांत अंडीं घालतो. एक मादी पन्नास-साठ अंडीं घालते. पहिल्या पावसानंतरच्या आठ-दहा संध्याकाळीं, दिवेलागणीपासून तास-दोन तास, लिंबा-बाभळींच्या फांद्या काठीनें हलवून पडलेले भुंगेरे वेंचावे व रॉकेल टाकलेल्या पाण्यांत बुडवावे. जेथें हुमणी पक्की बसली आहे तेथें मेटारायझियम ही हिरवी बुरशी कुजलेल्या शेणखतांत मिसळून हेक्टरीं २० किलो या मानानें पावसाळ्याच्या आरंभीं घालावी. ती हळू पण टिकाऊ काम करते. पण भुंगेरे वेंचण्याचें काम एकानें करून भागत नाहीं, साऱ्या गांवानें, व शेजारच्या गांवानेंहि, त्याच संध्याकाळीं केलें पाहिजे.

आम्हीं नोकरींत असतां शिवेच्या दगडांवरून भांडणारे पुष्कळ पाहिले. हातभर जमिनीसाठीं पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले. त्यांचीं कागदपत्रें आम्हींच लावून ठेवलीं. भुंगेऱ्यास व मधमाशीस ही शीव ठाऊक नाहीं. एकाच्या शेतांतला भुंगेरा दुसऱ्याचें मूळ खातो, आणि एकाच्या शेतांतली माशी दुसऱ्याचा दाणा भरते. आमच्या गांवीं गेल्या दोन पावसाळ्यांत कांहीं घरांनीं मिळून झाडें झाडलीं. ज्यांच्याशीं बांधावरून बोलणें बंद होतें असे दोघे शेजारीहि कंदील घेऊन एकाच लिंबाखालीं आले. समितीकडे जाणारा अर्ज आमच्याकडून त्यानंतर लिहिला गेलेला नाहीं.

संघाच्या सभासदांनीं येत्या हंगामांत आपल्या शेतांत दहा खड्डे घेऊन पाहावे, चार ओळी साध्या ठेवाव्यात, आणि काय दिसलें तें या मासिकाकडे लिहून धाडावें. दहा गांवांचा असा हिशेब एकत्र झाला, तर जी नोंद नमुना बारामध्यें नाहीं ती निदान आपल्या संघाच्या दप्तरीं राहील, इतकें सुचवून हा लेख पुरा करतों.